पूर्ण सेट

नलिनी मॅडमनी मला फसवलं. मी माझे केस दिले. बदल्यात जे द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं, ते अर्धंच दिलं, आणि अर्धं राहिलं हे कधी मान्यही केलं नाही.

हे मी इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं असं कुणी समजू नये. पोटात ठेवायची माझी सवय नाही. काळेवाडीत माझ्या दुकानात जी बाई खुर्चीवर बसली, तिनं हे एकदा तरी ऐकलं आहे. लिहिलं मात्र नव्हतं. आता लिहिते, कारण वैशाख लागला, लग्नसराई आली, आणि नेहमीच्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात या वर्षी एक वेगळी पत्रिका आली. संत तुकाराम नगरातल्या एका हॉलमध्ये नलिनी मॅडमचा सत्कार आहे. ‘आपल्या भागातील मुलींच्या हाती कात्री देणाऱ्या’ असं वर छापलं आहे. खाली ‘मनोगत’, आणि त्यापुढे माझं नाव. नावाच्या आधी दोन शब्द आहेत: पहिली शिष्या.

पत्रिका घेऊन दोन पार्लरवाल्या आल्या होत्या, मॅडमच्या हाताखाली अलीकडे शिकलेल्या. त्यातली एक म्हणाली, “मावशी, पाचच मिनिटं बोला. जरा गोड बोला.”

मी म्हटलं, “गोड कशाला? त्यांना साखर चालते का या वयात?”

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

वैशाख लागला की माझ्या नाकात दोन वास एकदम येतात, मोगऱ्याचा आणि उकळत्या जवसाचा. मोगरा आमचा होता. तेव्हा काळेवाडी म्हणजे नदीकाठची मळीची जमीन आणि दहा-बारा घरं. आमच्या विहिरीजवळ मोगऱ्याचे चार वाफे होते. पहाटे कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या, गजरे करायचे आणि उन्हं वर यायच्या आत पवना ओलांडून पिंपरीला जायचं. उन्हाळ्यात नदी दगडांवरून पार करता यायची. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात वहाणा. पलीकडे औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि त्याची कॉलनी होती. सगळं इतकं नवं, की झाडांपेक्षा झाडांभोवतीचे पिंजरेच उंच दिसायचे. त्या कॉलनीत कुठल्याकुठल्या मुलखातल्या बायका राहायला आल्या होत्या. त्यांचं बोलणं मला कळायचं नाही, पण भाव करताना बोटं पुरतात.

मी अठरा वर्षांची होते. वडील मी लहान असतानाच गेले होते. घरात आई आणि मी. टोपली माझी, गिऱ्हाइकं माझी, आणि भांडणंही माझीच. कुठल्या दारात गजऱ्याला हात लावून परत ठेवतात आणि कुठल्या दारात मागे बोलावतात, हे मला महिन्याभरात पाठ झालं होतं.

त्या उन्हाळ्यात माझी एकेक गिऱ्हाइकं तुटायला लागली. आधी कोपऱ्यावरची पंजाबी बाई म्हणाली, नको. मग शाळेतल्या बाई. मग वरच्या मजल्यावरची बंगाली वहिनी, जी रोज घ्यायची, तिनं दार उघडून नुसतं डोकं दाखवलं. मानेपर्यंत कापलेले केस, आणि ते असे वळून बसलेले की वाऱ्याच्या झुळकीनं पाणी हलावं आणि तसंच थांबावं. फार सुंदर दिसत होती. मला राग आला. त्या डोक्यावर गजरा माळायला जागाच नव्हती.

घरी जाताना मी हिशेब केला तो साधा होता. केस कापलेली बाई गजरा घेत नाही. आज तिघी आहेत, उद्या तीस होतील. मग फुलं विकायची की कात्री धरायची? नदी ओलांडायच्या आत माझं उत्तर ठरलं होतं.

हे केस नलिनी मॅडम करायच्या. कारखान्यातल्या एका फोरमनची बायको, मुंबईच्या, तिथल्या कुठल्याशा लेडीज सलूनमध्ये शिकलेल्या. मागच्या ओट्यावर एक खुर्ची, एक आरसा, आणि आत शेगडीवर पातेलं. बाई म्हणून हाक मारली तर उत्तर द्यायच्या नाहीत. “मॅडम म्हणायचं, यमुना. बाई भांडी घासायला येते.” मी मनात म्हटलं, तुझा ओटा, तुझा शब्द. म्हणू मॅडम.

त्यांची नजर माझ्या केसांवर आधीपासून होती. माझे केस दाट आणि जन्मजात कुरळे. आमच्याकडे कुरळ्या केसांना कुणी चांगलं म्हणत नसे. ‘केस वाकडे, मन वाकडं.’ आई तेल थापून, ओढून, वेणी अशी घट्ट घालायची की भुवया वर चढायच्या. पण वेणी कमरेच्या खाली जायची, त्याची मात्र तिला घमेंड होती.

मॅडम म्हणाल्या, “तेल घालून मारून टाकलेस गं केस. हे थरांत कापले ना, तर निम्मी वळणं आपोआप पडतील. माझ्याकडे येतात त्या सगळ्या सरळ केसांच्या. कुरळ्यांवर हा कट कसा बसतो ते दाखवायला मला एक डोकं हवंय. देशील?”

“फुकट?”

“दोन साड्या देते. नव्या.”

“साडी फाटते.”

“मग? चपला?”

“त्या त्याआधी फाटतात.”

“भारीच आहेस. काय हवंय तुला?”

“शिकवा.”

त्यांनी माझी वेणी हातात घेऊन तोलली. मग म्हणाल्या, “सेट शिकवीन.”

आता इथं मी काय समजले ते सांगते, कारण सगळं यावर आहे. सेट हा शब्द मला माहीत होता. पिंपरीच्या बाजारात भांड्याच्या दुकानात कपबश्यांचे सेट यायचे. सहा कप, सहा बश्या, किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं. त्यातली एक बशी जरी फुटली तरी दुकानदार तो सेट म्हणून विकू शकत नसे. तसं म्हणाला तर मी त्याला धरायची. एकदा एक बशी कमी आहे म्हणून मी अख्खा माल निम्म्यात आणला होता. तेव्हा माझ्या लेखी सेट म्हणजे काही कमी नाही ते. सगळंच्या सगळं.

तरी मी पक्कं केलं. कच्चा सौदा मी करत नाही. मी विचारलं, “पूर्ण सेट?”

“पूर्ण सेट. पिना लावण्यापासून ते शेवटचं विंचरण्यापर्यंत.”

पिना लावण्यापासून. हे शब्द माझ्या कानावरून गेले आणि मी ते सोडले. आजही मला मॅडमचा जितका राग येतो त्याच्या निम्मा त्या अठरा वर्षांच्या मुलीचा येतो. कापण्यापासून असं त्या म्हणाल्या नव्हत्या.

या सौद्यात माझ्या बाजूनं काय लागलं होतं, तेही सांगते. चाकणचं एक स्थळ ठरत आलं होतं. कांद्याचे व्यापारी, घर बरं. बघायला आले तेव्हा मुलाच्या आत्यानं मला मान खाली घालून बसायला सांगितलं, वेणी पाठीवरून ओढून घेतली आणि विती टाकत मोजली. पाच विती भरल्यावर म्हणाली, “केस हायेत हं पोरीला.” माझं नाव विचारलं ते त्याच्यानंतर. वेणी गेली की स्थळ जाणार, हे मला माहीत होतं. डोळे उघडे ठेवून मी ते पणाला लावलं. म्हणून चाकणचं खापर मी मॅडमवर फोडत नाही. मी जे दिलं ते समजून दिलं. प्रश्न मिळालं काय हा आहे.

अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी त्यांनी माझी वेणी कापली. कात्री तिच्यात एका फटक्यात जाईना, करकर चावत गेली. डोकं इतकं हलकं झालं की मी खुर्चीचे हात धरले. मग केस धुतले, पंचानं टिपले, आणि त्या म्हणाल्या, “मान खाली घाल. हनुवटी छातीला.” मी घातली. मागे कात्री बराच वेळ चालत होती. मला फक्त माझी मांडी आणि तिच्यावर पडणारे तुकडे दिसत होते. मान वर करायला सांगितलं तेव्हा मागचं झालं होतं, बाजूंचं उरलं होतं. ते मी आरशात नीट पाहिलं. बट डोक्यापासून सरळ बाहेर धरायची, दोन बोटांत चिमटायची आणि बोटांच्या बाहेरचं कापायचं. वरची बट खालच्या बटेइतकीच. सोपं वाटलं मला.

मग सेट. जवस उकळून गाळलेला बुळबुळीत रस केसांना लावायचा, बोटाएवढी बट घ्यायची, बोटाभोवती गुंडाळून डोक्याशी चपटी बसवायची आणि दोन पिना एकमेकींवर आडव्या खुपसायच्या. चकली पाडावी तसं. डोकंभर चकल्या झाल्या की वर पातळ रुमाल बांधून उन्हात बसायचं. त्या काळी या कामाला वैशाखच हवा. ओट्यावर केस वाळवायचं यंत्र नव्हतं. जे होतं ते आभाळात होतं. पावसाळ्यात हे वळण दारातून बाहेर पडताच सुटायचं. तासाभरानं पिना काढल्या, ब्रश फिरवला, आणि आरशात जी बाई दिसली तिला मी वाट दिली असती. थरावर थर, प्रत्येक थराचं टोक आत वळलेलं, मान सगळी मोकळी. मी खोटं बोलणार नाही. मॅडमचा हात चांगला होता. वाईट हातानं फसवलं असतं तर मी विसरले असते.

घरी आईनं पातेलं खाली ठेवलं. बराच वेळ तिनं माझ्याभोवती फिरून पाहिलं.

“डोस्क्याला काय फासलंय?”

“जवस.”

“जवसाची चटणी करत्यात. डोस्क्याला न्हाई लावत.” मग खाली बसली. “आता चाकणवाल्यांला काय दावू? तुजं कान?”

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. चाकणचा निरोप घेऊन मध्यस्थ आला तेव्हा मात्र बोलली. तो म्हणाला, “पोरगी चांगली हाय, पन त्यांच्यात नवरा जिता आसताना बाया केस कापत न्हाईत.” आई म्हणाली, “नवरा झालाय कुटं आजून, जिता आसाया?” त्याला चहा न देता तिनं वाटेला लावलं. माझ्याशी अबोला तसाच.

मी रोज मॅडमच्या ओट्यावर जात होते. पिना, चकल्या, रुमाल, ब्रश. आठ दिवसांत माझा हात इतका बसला की गिऱ्हाइकं म्हणायला लागली, पिना यमुनेलाच लावू दे. पण कुणी नवी बाई कापायला बसली आणि मॅडमनी कात्री उचलली की हमखास आतलं काहीतरी काम निघायचं. “यमुना, जवस बघ गं, उतू जाईल.” मी आत. परत येईपर्यंत त्या बाईची मान वर झालेली असायची. पहिल्यांदा मी जवसाला शिव्या दिल्या. चौथ्यांदा मी पातेल्यात डोकावले तर शेगडी पेटवलेलीच नव्हती.

मी बाहेर आले आणि विचारलं, “मॅडम, कात्री कधी?”

“कात्रीचं कुठं ठरलं होतं?”

“पूर्ण सेट ठरलं होतं.”

“हो ना. सेट शिकवलाच की. सेट म्हणजे केस बसवणं. कापणं वेगळं, बसवणं वेगळं.” आणि खुर्चीतल्या बाईकडे बघून त्या हसल्या. “कपबशीचा सेट समजली की काय ही?”

ती बाई पण हसली. मी हातातल्या पिना खाली ठेवल्या. कपबशीचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

ओट्यावर जाणं मी सोडलं आणि पुन्हा टोपली घेतली. एके दिवशी कॉलनीतल्या एका लग्नघरातून बोलावणं आलं, नवरीला गजरे माळायला. नवरीचे केस खांद्यापर्यंत, आणि खाली लांब गंगावन लावलेलं. मी गजरा गुंडाळायला ते हातात घेतलं आणि बोटांनी ओळखलं. वेणीत ओढून बांधलं तरी कुठंकुठं वळून वर येणारा केस. तिची मामी कौतुकानं सांगत होती, नलिनी मॅडमनी दिलंय, अगदी खरे केस आहेत. मी म्हटलं, “खरेच आहेत.” माझ्याच केसांवर मी माझाच गजरा माळला, नवरीची दृष्ट काढली आणि बाहेर आले. तिचा काय दोष? आजही लग्नसराईत नवरीची वेणी हातात आली की क्षणभर माझी बोटं थांबतात, आणि मग मी जास्तच घट्ट बांधते.

बसवणं येऊन काय उपयोग? बसवलेलं तिसऱ्या दिवशी न्हाताना जातं. कापलेलं राहतं. ज्याच्या हातात कात्री त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येतं. हे मॅडमना कळत होतं आणि मलाही.

मग मी माझ्याच डोक्यातून चोरी करायचं ठरवलं. थर माझ्या मानेवर होते. मला फक्त दिसत नव्हते. खराट्याच्या काड्या घेतल्या, अंगणात बसले, आणि एकेक बट ताणून तिच्या लांबीएवढी काडी मोडायला लागले. बाजूच्या जमल्या. मागच्या जमेनात. बट हातात यायची, काडी निसटायची. आई भिंतीशी बसून कळ्या निवडत होती. दोनदा तिनं बघितलं. तिसऱ्यांदा ती उठली, माझ्या मागे येऊन बसली आणि म्हणाली, “आन हिकडं. तुला शिस्त न्हाई.”

सतरा दिवसांनी तिनं माझ्या केसांना हात लावला होता. एक बट ओढायची, काडी लावायची, दातानं तोडायची आणि माझ्या हातात द्यायची. “ही मधली. ही त्याच्या डावीकडची.” मी त्या तशाच क्रमानं मातीवर मांडत गेले. ऊन चढलं, कळ्या उमलल्या, त्या दिवशी गजरे झाले नाहीत. शेवटची काडी मांडली आणि आम्ही दोघी उभ्या राहून बघितलं. मातीवर घोड्याच्या पायाचा नाल उमटला होता. मध्ये खाली लांब, दोन्हीकडून चढत आखूड. सर्वांत आधी मानेवरचा हा नाल कापायचा आणि मग प्रत्येक वरचा थर त्याच्या मापानं.

आई म्हणाली, “ह्ये तर छप्पर शाकारायचं काम हाय. खालचा थर आदी.” मग माझी मान खाली दाबून म्हणाली, “एवढ्यासाठी मान खाली घालाया लावली व्हय तिनं?”

दुसऱ्या दिवशी तिनंच मला कात्री आणून दिली. पहिलं डोकं दिघीच्या एका जवानाच्या बायकोचं. कुरळे केस, आणि दुसरीकडे कापून घेऊन पार वाट लागलेली. मी नाल काढला, बटा बोटभर जास्त ठेवल्या, कारण कुरळा केस वाळला की आखडतो. हे मॅडमना माहीत नव्हतं, माझ्या डोक्यावर त्यांच्याकडून ते चुकलंच होतं, सेट उतरल्यावर थर बोटभर वर चढले होते. ती बाई पुढं सगळ्या बराकीच्या बायका घेऊन आली. पुढं काळेवाडीत दुकान झालं, लग्नही झालं; नवऱ्यानं केस मोजले नाहीत. माझ्याकडे आजवर ज्या मुली शिकल्या त्यांना पहिल्या दिवशी मी मानेवरचा नाल दाखवते. जवस ज्याचा त्याला उकळू दे.

लोक मला समजावतात. पत्रिका घेऊन आलेल्या त्या दोघींनीही समजावलं. “मावशी, पण शिकलात ना शेवटी? त्यांच्यामुळेच ना?” मी विचारलं, तुला कुणी विहिरीत ढकललं आणि तू हातपाय मारून वर आलीस, तर त्याला पोहण्याचा मास्तर म्हणशील का? त्या म्हणाल्या, जुनं झालं आता, म्हाताऱ्या झाल्या मॅडम. मीही झाले. माझा राग तेवढा झाला नाही.

मी सत्काराला येणार आहे. शाल त्यांना जरूर घाला. हात चांगला होता, ते मी वर लिहिलंच आहे. पण ‘पहिली शिष्या’ हे मी मान्य करणार नाही. आणि नलिनी मॅडम, पाच मिनिटं मला दिली आहेत, ती मी तुम्हाला देते. त्यात मला एकच गोष्ट सांगा. फसवायचं तुम्ही कधी ठरवलंत? ‘पूर्ण सेट’ म्हणालात त्याच वेळी, की आठ दिवसांनी, माझा हात बघितल्यावर? आधीच ठरवलं असेल तर सौद्यात तुम्ही माझ्यावर मात केलीत. मी बाजारातली बाई आहे, ते मी सगळ्यांसमोर कबूल करीन. नंतर ठरवलं असेल तर तुम्हाला माझी भीती वाटली होती. दोन्हींपैकी एक खरं आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. त्या दिवशी हसू नका. उत्तर द्या.